स्पीकर ठरलेत, आता त्यांना झेपेल असा अ‍ॅम्प कुठला?

निवांत_श्रोता

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तर स्पीकर घेऊन झालेत आणि आवडलेत, त्यामुळे "आधी स्पीकर बदल" हा सल्ला कृपया नको :) बुकशेल्फ (फळीवर मावणारे) आहेत, टू-वे (खर्जाला वूफर, वरच्या पट्टीला ट्वीटर), वूफर साडेसहा इंची. मागच्या लेबलवर असं लिहिलंय: नॉमिनल इंपीडन्स (करंटला होणारा अडथळा) ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरलेल्या व्होल्टला किती आवाज) ८६ डीबी (२.८३ व्होल्ट, १ मीटर), रेकमेंडेड पॉवर २५ ते १२० वॉट. बसायची जागा स्पीकरपासून अडीच मीटर. ऐकतो सगळंच, शास्त्रीय जास्त, मधेच ऑर्केस्ट्रा, मूड असला तर रॉक.

डोक्यात तीन पर्याय आहेत. एक साधा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, ८ ओहमला ३० वॉट आणि ४ ओहमला ४५ वॉट. दुसरा एव्ही रिसीव्हर, खोक्यावर ठळक १०० वॉट. आणि तिसरा, एक मित्र त्याचा ३००बी व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळीवाला) सिंगल एंडेड अ‍ॅम्प काढतोय, ८ वॉट फक्त, पण काय दिसतो राव! सध्या दुसऱ्या एका मित्राचा जुना ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प उसना आणून काम चालवतोय. मनात भीती अशी की कमी वॉटचा घेतला तर स्पीकर जळतात म्हणे, आणि जास्त वॉटचा घेतला तरी जळतात म्हणे. मग माणसाने करायचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भुंगा

८ वॉटवाला घ्या, हिवाळ्यात हातही शेकता येतात.

(जागा धरून ठेवली, ओहमस्वाहा आले की खरी मजा)

जुनी_तबकडी

माझं स्पष्ट मत, आकडे बघून अ‍ॅम्प घेऊ नये. स्पीकर आणि अ‍ॅम्पची जोडी जुळावी लागते. स्पीकर चरचरीत असेल तर अ‍ॅम्प उबदार घ्यावा, स्पीकर सुस्त असेल तर अ‍ॅम्प चपळ घ्यावा. ३००बी वर बाईमाणसाचा आवाज एकदा ऐका, ट्रान्झिस्टर विसराल. ८ वॉट कमी वाटतात पण व्हॉल्व्हचे वॉट वेगळे असतात.

ओहमस्वाहा

वॉट वेगळे नसतात हो तबकडी, वॉट म्हणजे वॉट. ताकद संपली की लाटेची टोकं छाटली जातात, व्हॉल्व्हमध्ये हा आवाज हळूहळू छाटला जातो म्हणून तो कानाला कमी टोचतो, एवढं मान्य. बाकी तुमच्या उबदारपणाकडे नंतर येतो कारण त्याला खरंच कारण आहे आणि ते आकड्यातच सापडतं.

निवांत, वॉट थोडा वेळ बाजूला ठेवा आणि व्होल्टमध्ये विचार करा. अ‍ॅम्प हा मुळात व्होल्टेज देणारा डबा. नॉब जिथे ठेवाल तिथे तो ठरलेले व्होल्ट देतो, त्यावर करंट किती ओढायचा हे स्पीकर ठरवतो. तुमच्या लेबलवर २.८३ व्होल्ट आहेत ते ८ ओहमला बरोबर १ वॉट होतात. ६ ओहमला तेवढ्याच व्होल्टला १.३३ वॉट जातात, म्हणजे तुमचा स्पीकर वॉटच्या हिशोबात ८६ नाही, पावणेपंच्याऐंशीच्या आसपास आहे. ४ ओहमच्या स्पीकरला तर हा आकडा ३ डीबीने फुगलेला असतो, स्पीकरची तुलना करताना लोक इथे हमखास फसतात.

आता हिशोब. २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८६. अडीच मीटरवर साधारण ८ डीबी गळतात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात, खोलीच्या भिंतींमुळे अजून ३ धरा (हा अंदाज, खोलीप्रमाणे बदलतो). म्हणजे तुमच्या कानाशी ८४. ऑर्केस्ट्राचा जोराचा ठोका १०० डीबी पर्यंत हवा असेल तर १६ डीबी वर जायचंय, म्हणजे व्होल्ट ६.३ पट, साधारण १८ व्होल्ट. १८ व्होल्ट देणारा अ‍ॅम्प म्हणजे ८ ओहमला ४० वॉटचा. झालं! आणि हे फक्त शिखरांसाठी बरं का. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा १० ते २० डीबी खाली असते, म्हणजे शिखर १०० वर असताना सरासरीला तुम्ही एखाद दोन वॉटच खर्च करत असता, आणि तेवढ्यातच घरातले लोक आवाज कमी कर म्हणून ओरडतात.

याच हिशोबाने तुमचे तिन्ही पर्याय:

८ वॉट म्हणजे ८ व्होल्ट, कानाशी ९३ चं शिखर.
३० वॉट म्हणजे साडेपंधरा व्होल्ट, ९९ च्या जवळ.
१०० वॉट (खरेच असतील तर) म्हणजे २८ व्होल्ट, १०४.

बघा, ३० ते १०० उडी केवढी मोठी वाटते, मिळतात ५ डीबी. आवाज दुप्पट वाटायला ढोबळमानाने १० डीबी लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५० चा सोडून ६० चा घेऊ का असे धागे निघतात तेव्हा मी उत्तरच देत नाही.

शंकासुर

"खरेच असतील तर" म्हणजे काय? कंपनी खोटं लिहिते का?

सोल्डरकाका

खोटं नाही लिहित, बारीक अक्षरात लिहिते. निवांत, त्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर १०० च्या पुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाक बरं.

निवांत_श्रोता

काका, हे सापडलं: "१०० वॉट, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनल चालू". आणि ३० वॉटवाल्याचं: "३० वॉट + ३० वॉट, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०५ टक्के, दोन्ही चॅनल चालू".

सोल्डरकाका

वाटलंच होतं. आता सोलून काढू. १० टक्के डिस्टॉर्शन (तेच टीएचडी) म्हणजे लाट वरून खालून चांगलीच छाटली गेली आहे, तिथवर ताणून मोजलं की आकडा साधारण सव्वापट फुगतो. ६ ओहमला मोजलं की ८ च्या तुलनेत अजून तिसरा हिस्सा फुगतो. १०० ला सव्वाने भागलं ८०, त्याला १.३३ ने भागलं ६०. आणि हे एकच चॅनल ओढताना, दोन्ही ओढले की पॉवर सप्लाय बसतो आणि अजून खाली येतं, किती ते त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर. म्हणजे तुझी निवड ३० विरुद्ध १०० नसून ३० विरुद्ध ५०-६० अशी आहे, फरक दोन ते तीन डीबीचा.

हा वॉट फुगवायचा धंदा जुना आहे, अमेरिकेत तर १९७४ साली वॉट कसे मोजून छापायचे याचा सरकारी नियमच करावा लागला होता. पीएमपीओ (क्षणिक शिखराचे फुगवलेले वॉट) आठवतंय का कुणाला? मुठीएवढ्या डब्यावर १००० वॉट.

उलटं उदाहरण पण देतो. एनएडी ३०२० हा अ‍ॅम्प, १९७८ चा, कागदावर फक्त २० वॉट. पण संगीतातल्या क्षणभराच्या ठोक्याला त्याच्या दुपटीच्या आसपास द्यायचा आणि अवघड स्पीकरलाही दमायचा नाही, म्हणून त्याचं नाव अजून निघतं. तेव्हा खोक्यावरचा आकडा बघण्याआधी ८ आणि ४ ओहमचे दोन आकडे शेजारी ठेवून बघ. ४ चा आकडा दिलेलाच नसेल तर समजून जा.

शंकासुर

४ ओहमला दुप्पट झाले तर चांगला अ‍ॅम्प, असं ना? मग ३० चे ४५ च होतायत, ६० नाही. नापास?

ओहमस्वाहा

नापास नाही. ३० वॉट ८ ओहमला म्हणजे १५.५ व्होल्ट, ४५ वॉट ४ ओहमला म्हणजे १३.४ व्होल्ट. व्होल्टेज सव्वा डीबीने बसलं, एवढंच. कळणारही नाही. काळजी कधी करायची, जेव्हा ४ ओहमचा आकडा ८ पेक्षा कमी असेल, किंवा "६ ते १६ ओहम" असं मागे छापलेलं असेल आणि स्पीकर खाली जाणारा असेल.

आणि स्पीकर खाली जातोच. ६ ओहम हा एकच आकडा नसतो, फ्रिक्वेन्सीप्रमाणे तो नागमोडी फिरतो. असल्या टू-वे रिफ्लेक्स (डब्याला भोक असलेल्या) स्पीकरला खर्जात दोन उंचवटे, मधे १५०-२५० हर्ट्झच्या आसपास खड्डा, मग क्रॉसओव्हरजवळ (जिथे वूफर आणि ट्वीटर काम वाटून घेतात) परत चढ. तो खड्डा नेमका तिथे, जिथे गाण्यातला बराच जीव असतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे किमान आकडा नॉमिनलच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे तुमच्या ६ ला ४.८. पण सगळे पाळतात असं नाही, ८ लिहिलेले स्पीकर साडेतीनला उतरलेले मी मापनांच्या आलेखात पाहिलेत. त्यात फेज अँगल (व्होल्ट आणि करंट मागेपुढे होणं) पण वाईट असला की अ‍ॅम्पला तो लोड अजूनच जड जातो. ऐंशीच्या दशकात अ‍ॅपोजी सिंटिला नावाचे रिबन स्पीकर होते, सरळ १ ओहम! भले भले अ‍ॅम्प त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे. दुसऱ्या टोकाला बीबीसीचा एलएस३/५ए, मूळचा १५ ओहमचा, करंट फारसा मागत नाही पण सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३, त्याला व्होल्ट लागतात. म्हणजे "हा स्पीकर अवघड आहे" म्हणताना कशासाठी अवघड ते विचारायला हवं.

तुमचे स्पीकर यातले कुठलेच नाहीत, ४ ओहमला बिनधास्त असलेला कुठलाही अ‍ॅम्प चालेल.

आता तबकडींचा उबदारपणा. बिनफीडबॅकच्या (आउटपुट परत तपासून चूक न सुधारणाऱ्या) ३००बी अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला अडथळा, असतो दोन तीन ओहम, चांगल्या ट्रान्झिस्टरचा ०.१ च्या खाली. अडीच धरू. स्पीकर एका ठिकाणी ५ ओहम आणि एका ठिकाणी २५ ओहम आहे असं समजा. ५ ला अ‍ॅम्पच्या आतच साडेतीन डीबी गळतात, २५ ला पाऊणच्या वर थोडे. म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्समध्ये पावणेतीन डीबीचा चढउतार आपोआप आला, खर्जाच्या उंचवट्याला फुगीर, मधल्या खड्ड्याला दबलेला. तुम्हाला ऐकू येतं ते खरंच आहे, भास नाही. फक्त ते अ‍ॅम्पचं गुपित नसून तुमच्या स्पीकरच्या इंपीडन्सच्या आलेखाची छाया आहे, स्पीकर बदलला की तोच अ‍ॅम्प वेगळा वाजणार.

जुनी_तबकडी

म्हणजे जोडी जुळावी लागते, हेच मी म्हणत होतो की!

ओहमस्वाहा

😄 व्हॉल्व्हपुरतं मान्य. ट्रान्झिस्टरमध्ये हा प्रकार जवळजवळ शून्य. १९८५ साली अ‍ॅम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने याच गोष्टीवर स्टिरिओफाइल मासिकाला आव्हान दिलं होतं, आपला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्यांनी निवडलेल्या उंची अ‍ॅम्पसारखा वाजवून दाखवतो म्हणाला, आतली जुळणी बदलत बदलत दोघांच्या आउटपुटमधला फरक नगण्य करत आणला, आणि ऐकणाऱ्यांना शेवटी फरक सांगता येईना. त्या प्रकरणावर अजून भांडतात लोक, पण मुद्दा पोचतो.

दोन अ‍ॅम्पची तुलना करणार असाल तर दोघांचे व्होल्टेज मीटरने जुळवून घ्या, ०.१ डीबी पर्यंत. अर्धा डीबी जास्त असलेला अ‍ॅम्प "जास्त मोकळा, जास्त जिवंत" वाटतो, मोठा वाटत नाही, हीच तर गंमत आहे.

भुंगा

म्हणजे उत्तम अ‍ॅम्प कुठला तर ज्याचा नॉब अर्धा मिलिमीटर पुढे आहे तो. वाखु (वाचनखूण) साठवली.

निवांत_श्रोता

खूप काही कळलं. पण ओहमस्वाहा, तुम्ही १०० डीबी धरलं ते मला हवंय का तेच माहीत नाही. मी किती जोरात ऐकतो हे कसं कळणार?

सोल्डरकाका

मोजायचं. साधा मल्टिमीटर आहे ना? ही युक्ती डीआयवाय (घरच्या घरी बनवणाऱ्या) मंडळींत बरीच चालते.

१. ज्या रेकॉर्डिंगला तुला नॉब सर्वात जास्त वाढवावा लागतो ते लाव. हळू रेकॉर्ड केलेलं शास्त्रीय असेल तर तेच. नेहमीच्या जागी बसून, याच्यावर कधीच जाणार नाही इतका आवाज कर.
२. गाणं थांबव, नॉबला हात लावू नकोस. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढ. परत चालू कर.
३. ५० किंवा ६० हर्ट्झचा साइन टोन, उणे १२ डीबी पातळीचा, त्याच सोर्सवरून वाजव. अ‍ॅपमधलं व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन बंद पाहिजे नाहीतर सगळा हिशोब कोलमडेल.
४. मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनलच्या लाल-काळ्यावर धर. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नकोस, अ‍ॅम्प शॉर्ट होईल.
५. जो आकडा येईल त्याला ४ ने गुण. उणे १२ डीबी म्हणजे पावपट व्होल्ट, म्हणून ४. हे तुझे लागणारे जास्तीत जास्त व्होल्ट. त्याचा वर्ग करून ८ ने भाग, म्हणजे कुठल्या वॉटचा अ‍ॅम्प लागतो ते कळेल.

आणि सगळ्यांसाठी ठळक: हे व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प स्पीकर न जोडता जोरात वाजवला तर आत भलतं व्होल्टेज चढतं आणि ट्रान्सफॉर्मर जातो. ट्रान्झिस्टरला बिनालोड चालतं. काही क्लास डी (स्विचिंग पद्धतीचे) अ‍ॅम्पही बिनालोड नीट वागत नाहीत, त्यांचं माहितीपत्रक आधी बघा.

शंकासुर

काका, त्या क्लास डी बद्दलच विचारणार होतो. हातात मावेल एवढा छोटा चिप अ‍ॅम्प पुरेल का? डी म्हणजे डिजिटल ना?

ओहमस्वाहा

नाही, ए बी सी नंतरचं अक्षर म्हणून डी. छोटे पुरतात, पण दोन गोष्टी बघा. एक, चिपची ताकद सोबतच्या अ‍ॅडॅप्टरवर. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर ८ ओहमला साधारण ८-९ वॉटच निघतात, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. दोन, टीपीए३११६ सारख्या चिपवर फीडबॅक आउटपुट फिल्टरच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे वरच्या पट्टीत आवाज स्पीकरच्या इंपीडन्सप्रमाणे हलतो, व्हॉल्व्हचीच कथा दुसऱ्या टोकाला. हायपेक्सचे एनकोर, प्युरिफाय वगैरे मॉड्यूल फिल्टरनंतर फीडबॅक घेतात, त्यांना स्पीकर कुठला याने फरक पडत नाही.

निवांत_श्रोता

मोजलं!! ऑर्केस्ट्राचं एक जुनं हळू रेकॉर्डिंग लावलं होतं, शेवटच्या भागात टिंपनी आल्यावर बायको आतून बाहेर येऊन उभी राहिली, तिथे नॉब थांबवला. मीटरवर आले २.६ व्होल्ट. गुणिले ४ म्हणजे १०.४, वर्ग १०८, भागिले ८... साडेतेरा वॉट?? हे बरोबर आहे का? मी ६० च्या खाली बघायला तयार नव्हतो.

सोल्डरकाका

बरोबर आहे. बहुतेक लोकांचं असंच निघतं. ३० वॉटवाल्यात तुला साडेतीन डीबी अजून शिल्लक आहेत. तुझी खोली फार मोठी होणार नसेल तर तिथेच थांब.

जुनी_तबकडी

पण कमी वॉटच्या अ‍ॅम्पने ट्वीटर जळतात ते? त्याचा प्रश्न तसाच राहिला.

सोल्डरकाका

अ‍ॅम्प लहान आहे म्हणून काही जळत नाही, लहान अ‍ॅम्पला तासन्तास ओरडायला लावलं म्हणून जळतं. अ‍ॅम्प छाटायला लागला की शिखरं वाढत नाहीत पण बाकी सगळं नॉबसोबत वाढतच राहतं, त्यामुळे सरासरी पॉवर चढते, वर छाटल्यामुळे नवीन हार्मोनिक्स (मूळ सुरांच्या वरच्या पटी) ट्वीटरकडे जातात, आणि ट्वीटरची कॉइल म्हणजे केसाएवढी तार. माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते ट्वीटर जवळजवळ सगळे पार्टीतले असतात, निवांत बसून ऐकणाऱ्याचा क्वचित. आवाज करकरीत, चपटा झाला की नॉब मागे घ्या. १२० वॉट रेकमेंडेडला २०० चा लावलात तरी नॉब तुमच्याच हातात आहे.

नॉबवरून आठवलं, "माझा अ‍ॅम्प नऊच्या काट्यालाच एवढा वाजतो म्हणजे केवढी ताकद" असं समजू नका. सोर्स २ व्होल्ट देत असेल आणि अ‍ॅम्पचा गेन (तो सिग्नल किती पट करतो) जास्त असेल तर बाराच्या काट्याच्या आधीच तो पूर्ण संपलेला असतो. पुढचा अर्धा नॉब शोभेचा.

शंकासुर

मागे ४/८ ओहमचा स्विच असतो तो ६ वाल्यांनी कुठे ठेवायचा? आणि स्पीकर ए+बी दोन्ही जोडले तर?

ओहमस्वाहा

रिसीव्हरवरचा तो स्विच बहुतेक वेळा आतलं सप्लाय व्होल्टेज कमी करतो, म्हणजे गरमही कमी होतो आणि ताकदही. गरम होऊन बंद पडत नसेल तर ८ वरच असू दे. व्हॉल्व्हवर मात्र ४ आणि ८ हे ट्रान्सफॉर्मरचे खरेखुरे वेगळे टॅप असतात, तिथे दोन्ही लावून बघायचे, चांगला वाजेल तो ठेवायचा.

ए+बी बहुतेक अ‍ॅम्पमध्ये पॅरलल. ६ आणि ६ चे झाले ३, खड्ड्यात अजून कमी. नको. ब्रिज मोडही (दोन चॅनल जोडून एकच स्पीकर चालवणं) नको, त्यात अ‍ॅम्पच्या प्रत्येक बाजूला स्पीकर निम्म्या ओहमचा दिसतो.

निवांत_श्रोता

ठरलं तर मग, ३० वॉटवाला घेतोय. व्हॉल्व्हवाला मित्र नाराज झालाय, म्हणतो एक आठवडा नेऊन तर बघ. नेणार आहे :) शेवटचा प्रश्न, वायर कुठली? डावा स्पीकर अ‍ॅम्पपासून पाच मीटरवर आहे.

सोल्डरकाका

अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर. जाऊन येऊन दहा मीटर, रेझिस्टन्स ०.०७ ओहम, विषय संपला. पाऊण चौरस मिलिमीटरची घेतलीस तर ०.२३ होतो, तेही काही आकाश कोसळत नाही, पण अडीचची मिळत असताना कशाला. तांबंच आहे ना ते खरवडून बघ, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियमही विकतात.

मित्राचा व्हॉल्व्ह आणलास की स्पीकर आधी जोड, मग चालू कर. आणि जोडताना दोन्हीकडे लाल-काळं सारखं आहे ना ते बघ, एक उलटं झालं की खर्ज गायब होतो आणि मग लोक इथे धागा काढतात, नवीन अ‍ॅम्पला बास नाही म्हणून.

जुनी_तबकडी

आठवड्यानंतर कुठला परत गेला ते कळवा. माझी पैज ३००बी राहणार.

ओहमस्वाहा

राहू दे की, ९३ डीबीत भागत असेल तर माझी काही हरकत नाही. फक्त ते टिंपनीवालं रेकॉर्डिंग दोघांवर लावून बघा, मीटर जुळवून.